रात्रीं माशांचा रंग कोठें जातो?

गेल्या श्रावणांतील गोष्ट. रात्रीं दोन-अडीचचा सुमार असावा. आमची धाकटी पुतणी पाणी पिण्यास उठली आणि परत येतांना दिवाणखान्यांतील माशांच्या पेटीवरचा दिवा तिनें सहज लावून पाहिला. पुढच्याच क्षणीं तिच्या ओरडण्यानें सारें घर जागें झालें. "काका, मासे पांढरे पडले हो! सगळे मरायला लागले!" असें म्हणत ती पेटीपाशीं रडत उभी होती.

ही पेटी तिच्या मामांनीं तिच्या वाढदिवसाला दिलेली. तींत इंचभर लांबीचे बारा मासे होते. त्यांना निऑन टेट्रा असें म्हणतात. डोळ्यापासून शेपटीच्या अलीकडेपर्यंत गेलेला निळा-हिरवा लखलखीत पट्टा आणि त्याच्या खालीं अंगाच्या मागल्या अर्ध्या भागांत कुंकवासारखा लाल रंग, असें त्यांचें रूप असतें. पेटी घरांत आली त्या दिवशीं आमच्या मातोश्रींनीं, "सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत मासे कशाला?" म्हणून नाक मुरडलें होतें, परंतु हे मासे खाण्याचे नव्हेत, पाहण्याचे आहेत अशी खात्री पटल्यावर त्यांचाच पाट जपाच्या वेळीं पेटीसमोर मांडला जाऊं लागला. मुलें शाळेंतून आलीं कीं दप्तर टाकून आधीं पेटीकडे धांवत. सारांश, बारा मासे घरांतल्या माणसांत मोडूं लागले होते.

त्या रात्रीं आम्ही पाहिलें तों पुतणीचें म्हणणें खोटें नव्हतें. सगळे मासे तळाशीं विखरून निश्चल होते. निळा पट्टा मेलेल्या जांभळ्या रेघेसारखा दिसत होता. लाल रंग तर जवळजवळ नाहींसाच झाला होता. पाणी बिघडलें असा निकाल आमच्या थोरल्या बंधूंनीं दिला व आम्हीं तो तत्काळ मान्य केला. मग काय विचारतां! माशांना बादलींत काढलें, पेटींतलें पाणी शेवटच्या थेंबापर्यंत उपसून टाकलें, गाळणीच्या यंत्रांतला स्पंज नळाखालीं खसखसून धुतला, नळाचें ताजें पाणी भरलें, आणि पेटीबरोबर मिळालेलें निळें औषध सांगितल्याच्या दुप्पट ओतून मासे पुन्हां आंत सोडले. पहाटे चार वाजतां आम्ही कृतकृत्य होऊन निजलों.

सकाळीं सात मासे मेलेले होते. उरलेले पांच मात्र पूर्ववत् निळे-तांबडे होऊन हिंडत होते. "औषधानें निदान पांच तरी वांचले," असें आम्हीं पुतणीला समजाविलें, आणि स्वतःचीहि तशीच समजूत करून घेतली.

ही समजूत कोजागरीपर्यंत टिकली. त्या रात्रीं गच्चीवर दूध झालें, गाणीं झालीं, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर आम्ही सारे खालीं आलों. कोणीतरी पेटीवरचा दिवा लावला. पाहतों तों पांचहि मासे पुन्हां फिके! बंधु बादली आणण्यास वळले, तेव्हां मातोश्री म्हणाल्या, "आतां कृपा करून कांहीं करूं नका. सकाळपर्यंत राहूं द्या त्यांना तसेच." आम्ही सगळे पेटीसमोर बसून राहिलों. पांच-दहा मिनिटें गेलीं असतील नसतील, जांभळी रेघ निळसर होऊं लागली. मग तिच्यांत हिरवी झांक आली. लाल रंग हळूहळू खालच्या बाजूला भरत गेला. अर्ध्या तासाच्या आंत पांचहि मासे दिवसां दिसत तसे दिसूं लागले. पेटींत कोणीं बोटहि घातलें नव्हतें.

पुतणीनें आमच्याकडे पाहून विचारलें, "म्हणजे काका, त्या रात्रीं ते आजारी नव्हतेच?"

या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं आम्हांस पुष्कळ वाचावें लागलें. जें समजलें तें येथें देत आहों. कारण हल्लीं अनेक सुशिक्षित घरांत अशी पेटी असते, आणि आमच्यासारखा उत्साह अन्य घरांतहि असण्याचा संभव आहे.

माशाच्या कातड्यांतील रंग हा भिंतीला दिलेल्या रंगासारखा नसतो. तो अगदीं बारीक पेशींत सांठविलेला असतो, आणि या पेशी मुख्यतः दोन जातींच्या असतात. पहिल्या जातींत खरोखरीचा रंग, म्हणजे काळ्या, तांबड्या किंवा पिंवळ्या द्रव्याचे कण भरलेले असतात. अशी पेशी आकारानें कोळ्यासारखी असते: मध्यें अंग व चोहोंकडे पसरलेले फांटे. कण या फांट्यांत सर्वत्र पसरले म्हणजे कातडी गडद दिसते. तेच कण मध्याकडे गोळा झाले म्हणजे पेशी जागच्या जागीं राहूनहि कातडी फिकी दिसते. अंगणभर घातलेली रांगोळी एका ढिगांत लोटली तर अंगण रिकामें दिसावें, तसाच हा प्रकार. रांगोळी गेलेली नसते; ती गोळा झालेली असते. पेशीच्या आंत अतिसूक्ष्म तंतूंचे मार्ग असतात व त्यांवरून हे कण जा-ये करतात. पेशी स्वतः आंखडत नाहीं, आंतले कण हालतात, ही गोष्ट बेडकांच्या कातड्यावर प्रयोग करून जोसेफ लिस्टर यानें १८५८ सालीं मांडली. शस्त्रक्रियेंत जंतुनाशकांचा उपयोग रूढ करून ज्यानें पुढें कीर्ति मिळविली, तोच हा लिस्टर.

हे कण पसरावयाचे कीं गोळा व्हावयाचे, हें ठरविणारे अधिकारी एकाहून अधिक आहेत. माशांमध्यें मज्जातंतूंचे धागे थेट या पेशींपर्यंत पोंचलेले असतात. म्हणूनच भ्यालेला मासा क्षणार्धांत पांढरा पडतो. यांशिवाय रक्तांतून येणारे कांहीं रस आहेत. रात्रीच्या फिकेपणाशीं ज्याचा विशेष संबंध आहे त्या रसाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, म्हणून तो थोडा विस्तारानें सांगतों.

कार्ल फॉन फ्रिश हें नांव पुष्कळांच्या परिचयाचें असेल. मधमाशा नाचून एकमेकींना फुलांचा पत्ता सांगतात, हें ज्यानें दाखविलें व त्यासाठीं १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचा जो एक वांटेकरी झाला, तोच हा शास्त्रज्ञ. परंतु मधमाशांकडे वळण्यापूर्वीं तरुणपणीं तो माशांच्या रंगाच्या मागें लागला होता. १९११ सालीं त्यानें मिनो नांवाच्या लहान युरोपीय माशांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. दृष्टि नाहींशी केलेल्या माशाच्या डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मधोमध, प्रकाश पाडला कीं त्याचें अंग काळवंडे; त्या जागेवर सावली केली कीं तें फिकें पडे. डोळे नसतांना प्रकाश कळतो कोणाला? त्या जागीं कवटी पातळ असते आणि तिच्याखालीं मेंदूला लागून पिनियल नांवाची एक लहानशी ग्रंथी असते. माशांत ही ग्रंथी स्वतःच प्रकाश ओळखते, हें पुढें निःसंशय सिद्ध झालें. येथें कित्येक वाचकांना शंकराच्या तृतीय नेत्राचें स्मरण होईल. होवो बापडें, पण एवढ्यावरून आमच्या पूर्वजांना हें सर्व ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह आम्ही आवरतों, व वाचकांनींहि आवरावा. दोन्ही गोष्टी आपापल्या ठिकाणीं सुंदर आहेत.

या ग्रंथींतून काय निघतें याचा पहिला धागा १९१७ सालीं अमेरिकेंत हातीं आला. मॅककॉर्ड आणि ॲलन या दोघांनीं गाईची पिनियल ग्रंथी बेडकांच्या पिलांना खाऊं घातली, तों थोड्याच वेळांत पिलें इतकीं फिकीं झालीं कीं आंतलीं आंतडीं दिसूं लागलीं. तरीहि तो रस शुद्ध स्वरूपांत हातीं येण्यास पुढें चाळीस वर्षें लागलीं. येल विद्यापीठांतील ॲरन लर्नर हा त्वचारोगांचा वैद्य. त्याला माणसाच्या कातडीच्या रंगाच्या विकारांचा शोध घ्यावयाचा होता. त्यासाठीं हजारों गुरांच्या ग्रंथी गोळा करून त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९५८ सालीं तो पदार्थ वेगळा काढला आणि त्याला मेलाटोनिन असें नांव दिलें. माणसाच्या कातडीवर त्याचा तसा कांहीं परिणाम होत नाहीं, म्हणून लर्नरचा मूळ हेतु सिद्धीस गेला नाहीं. मात्र हल्लीं झोंपेसाठीं ज्या गोळ्या विकल्या जातात त्या याच मेलाटोनिनच्या. हा रस अंधार पडला कीं वाढतो आणि उजाडलें कीं ओसरतो. माणसांत तो रात्र झाल्याची वर्दी देतो. पुष्कळ माशांत ही वर्दी कातडीपर्यंत पोंचते व रंगाचे कण मध्याकडे गोळा होऊं लागतात.

परंतु रात्र झाली कीं सगळेच मासे नुसते फिके होतात असें मात्र नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील पेन्सिल-मासा पाहा. दिवसां त्याच्या अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत एक आडवी काळी रेघ असते. रात्रीं ती रेघ विरते आणि तिच्याऐवजीं अंगावर मोठे काळे डाग उमटतात. म्हणजे हा मासा दिवसाचें लुगडें सोडून रात्रीचें नेसतो! १९६० नंतरच्या दशकांत या माशावर प्रयोग झाले, तेव्हां असें आढळलें कीं एकाच मेलाटोनिनच्या योगानें रेघेंतील पेशींचे कण गोळा होतात, आणि डागांतील पेशींचे कण उलट पसरतात. रस एकच, हुकूमहि एकच, पण ऐकणारे दोघे त्याचा अर्थ उलट लावतात. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं.

आतां आमच्या निऑन टेट्राच्या निळ्या पट्ट्याकडे येऊं. येथील प्रकार अगदींच निराळा आहे. त्या पट्ट्यांत निळा रंग नाहींच! तेथें दुसऱ्या जातीच्या पेशी असतात. त्यांत रंगद्रव्याऐवजीं ग्वानीन नांवाच्या पदार्थाचे चपटे पारदर्शक स्फटिक एकावर एक रचलेले असतात. एकेक स्फटिक केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनहि पातळ. अशा थरांवरून परत फिरणाऱ्या प्रकाशाच्या लहरी एकमेकींत मिसळतात. थरांमधील अंतराशीं ज्या लहरी जुळतात त्या बळावतात, बाकीच्या मावळतात. साबणाच्या फुग्यावरचे किंवा मोराच्या पिसाऱ्यांतले रंग याच जातीचे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनींहि १९३५ सालीं शिंपल्यांच्या आंतल्या झळाळीवर लेख लिहिले होते, ते याच विषयांत मोडतात.

ग्वानीन हा पदार्थ आमच्या घरांतील भगिनींच्या पुरातन ओळखीचा आहे, हें मात्र त्यांना ठाऊक नसेल. माशांच्या खवल्यांना जी रुपेरी चकाकी असते ती याचीच. पॅरिसच्या जाकँ नांवाच्या मणिकारानें सतराव्या शतकांत खवल्यांतील हा चुरा धुऊन काढून कांचेच्या पोकळ मण्यांना आंतून लावला, आणि खोट्या मोत्यांचा धंदा उभा राहिला. आमच्या थोरल्या वहिनींच्या खोट्या मोत्यांच्या सरावरून त्या रात्रीं बरीच थट्टा झाली. पण आजकालच्या पुष्कळ मण्यांवर मुलामा निराळ्याच द्रव्यांचा असतो, हें सांगून आम्हीं त्यांची बाजू सांवरून घेतली.

असो. थरांमधील अंतर बदललें कीं रंग बदलावा, हें ओघानेंच आलें. अंतर जास्त असेल तर लांब लहरी, म्हणजे हिरव्याकडच्या, परत येतील. अंतर कमी झालें तर आंखूड लहरी, म्हणजे जांभळ्याकडच्या. निऑनच्या पेशींत दिवसां आणि रात्रीं नेमका हाच फरक पडतो, हें इंग्लंडांतील लिथगो व शँड यांनीं १९८२ सालीं दाखविलें. पेशींत पाणी शिरून थर दूर सरकतात व पाणी निघून गेलें कीं जवळ येतात, असा तर्क त्या काळीं पुढें आला. तो बरीच वर्षें चालला. पुढें २०११ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं आणि २०१५ सालीं इस्रायलमधील वाइझमान संस्थेंतील संशोधकांनीं अधिक बारकाईनें पाहिलें, तेव्हां चित्र बदललें. स्फटिक वर-खालीं सरकण्यापेक्षां तिरके होतात, असें त्यांना दिसून आलें.

जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना झिलमिळ्या असत, त्या ज्यांनीं उघडल्या-मिटल्या आहेत त्यांना हें एका वाक्यांत समजेल. दांडी ओढली कीं सगळ्या पट्ट्या एकदम कलतात. त्यांचीं टोंकें आपापल्या जागीं खिळलेलींच राहतात, पण दोन पट्ट्यांमधली फट अरुंद होते. निऑनच्या पेशींतील स्फटिकांचेंहि असेंच आहे. उजेड असतां ते एका कलानें उभे असतात व निळा-हिरवा प्रकाश परत पाठवितात. अंधार झाला कीं ते आणखी कलतात, फटी अरुंद होतात, आणि परत येणारा प्रकाश जांभळ्याकडे सरकून मंद होतो. आम्हांस त्या रात्रीं दिसलेली "मेलेली जांभळी रेघ" ती हीच.

आणि ही दांडी ओढतो कोण? येथें आम्ही थक्क झालों. या पेशी उजेड स्वतःच ओळखतात! माशाच्या अंगावरून वेगळा काढलेला कातडीचा तुकडाहि उजेडांत आणि अंधारांत आपला रंग बदलतो, असें प्रयोगांत दिसून आलेलें आहे. मेंदूनें सांगावें लागत नाहीं, डोळ्यांनीं पाहावें लागत नाहीं. म्हणजे एकाच इंचभर माशांत तांबडे व काळे कण रसांच्या व मज्जातंतूंच्या आज्ञेनें हालत असतात, आणि शेजारचा निळा पट्टा स्वतःच्या बुद्धीनें चालत असतो. कोजागरीच्या रात्रीं निळा रंग आधीं परतला आणि लाल मागून आला, त्याचें कारण हेंच असावें असें आम्हांस वाटतें. पण हा आमच्या पेटीपुरता तर्क आहे, वाचकांनीं तो सिद्धांत समजूं नये.

माशाला याचा उपयोग काय, हा प्रश्न घरांत सर्वांत आधीं वहिनींनीं विचारला. निऑन टेट्राचें माहेर ॲमेझॉन नदीच्या वरच्या अंगाचें, पेरू, कोलंबिया व ब्राझील या देशांतील झरे-ओढ्यांचें. १९३६ सालीं मायर्स या शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन करून फिलाडेल्फिया येथील मत्स्यपालनाच्या मासिकाचे संपादक विल्यम इनेस यांचें नांव त्याला दिलें. त्या प्रदेशांत पुष्कळ ओढ्यांचें पाणी कुजलेल्या पाल्यानें कोऱ्या चहासारखें तपकिरी झालेलें असतें. अशा अंधुक पाण्यांत थवा एकत्र राहावा म्हणून चमकता पट्टा कामीं येत असावा. याच पट्ट्याचें प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागाच्या खालच्या अंगावर पडतें, व शिकारी मासा खऱ्या माशाऐवजीं त्या प्रतिबिंबाकडे झेंपावत असेल, अशी एक कल्पना २००९ सालीं दोघां जपानी संशोधकांनीं मांडली. रात्रीं मात्र थवा पांगलेला, डोळ्यांना दिसत नाहीं, पळणें कठीण. अशा वेळीं अंगावर दिवा मिरवीत निजण्यापेक्षां तो मालवून पडणेंच शहाणपणाचें. चांदण्या रात्रीं ओढ्यांत हिंडणाऱ्या मोठ्या माशाला फिका जीव तळाच्या पाचोळ्यांत सहज सांपडत नाहीं.

निजणें हा शब्द आम्हीं विचारपूर्वक योजला आहे. माशाला पापणी नाहीं, म्हणून तो निजत नाहीं असा समज आपल्याकडे फार जुना. अमरकोशांत अनिमिष या शब्दाचे देव आणि मासा असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत, ते याच कारणानें. परंतु पापणी नसणें निराळें आणि झोंप नसणें निराळें. आपल्या गंगेच्या खोऱ्यांतला झेब्रा-मासा, ज्याचें शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यानें १८२२ सालीं केलें, तो आज जगांतील शेंकडों प्रयोगशाळांत पाळला जातो. रात्रीं तो निश्चल होतो, हलक्या चाहुलीला दाद देत नाहीं, आणि त्याला जागें ठेवलें तर पुढें जास्त निजून तो ती उणीव भरून काढतो, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलें. त्याच प्रयोगांत असेंहि आढळलें कीं उजेड अखंड ठेवला तर त्याची झोंप फार कमी होते. पेटीवरचा दिवा शोभेसाठीं रात्रभर जळत ठेवणाऱ्या गृहस्थांनीं याचा विचार करावा. आठ-दहा तास उजेड पुरे होतो. मग अंधार हवा. सकाळीं एकदम पेटीवरचा दिवा लावण्याऐवजीं आधीं खोलींत उजेड येऊं द्यावा, म्हणजे मासे दचकून कांचेवर आपटत नाहींत.

आतां आमच्या सात माशांकडे वळणें भाग आहे. त्यांना रात्रीच्या रंगानें मारलें नाहीं, नळानें मारलें. पिण्याचें पाणी निर्जंतुक राहावें म्हणून त्यांत क्लोरीन घालतात, आणि पावसाळ्यांत पुष्कळदां त्याचें प्रमाण वाढवितात. आपल्याला जें पाणी पथ्यकर तेंच माशाचे कल्ले जाळतें. पाणी एक दिवस उघड्या बादलींत ठेवलें तर साधें क्लोरीन उडून जातें. परंतु कांहीं ठिकाणीं क्लोरामिन नांवाचा चिवट पदार्थ वापरतात, तो असा जात नाहीं. त्यासाठीं दुकानांत मिळणारे क्लोरीनमारक थेंब घालावे लागतात; त्यांत बहुधा सोडियम थायोसल्फेट असतें. शिवाय गाळणीच्या स्पंजांत एक जातीचे उपकारक जंतु वस्ती करून असतात. माशांच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया ते कमी विषारी पदार्थांत बदलतात. आम्हीं तो स्पंज नळाखालीं धुऊन त्या बिचाऱ्यांचाहि निर्वंश केला. एका वेळीं चौथाईहून अधिक पाणी बदलूं नये, नवें पाणी जुन्याइतकेंच कोमट वा थंड असावें, आणि स्पंज धुवावयाचा तर पेटींतून काढलेल्या पाण्यांतच धुवावा, एवढें ठाऊक असतें तर त्या रात्रींचें आमचें सारें पराक्रमवृत्त निराळें झालें असतें.

मग खरा आजार ओळखावा कसा? फिकेपणा दिवसांहि राहिला, दिवा लावून तासभर झाला तरी रंग परतला नाहीं, तर मात्र लक्ष द्यावें. निऑन टेट्राचा म्हणून एक दुष्ट रोग आहे. तो अतिसूक्ष्म परोपजीवीमुळें होतो व त्याचें वर्णन १९४१ सालीं जर्मनींत शेपरक्लाउस यानें केलें. त्यांत सगळे मासे एकदम फिके होत नाहींत. एखाद्याच्याच अंगावर रंग मधेंच तुटतो, तेथें मांस पांढुरकें दिसतें, आणि तो मासा थवा सोडून एकटा, अस्वस्थ हिंडतो. यावर खात्रीचें औषध नाहीं. असा मासा वेगळा काढावा, आणि मेलेला मासा पेटींत क्षणभरहि राहूं देऊं नये, कारण इतरांनीं तो कुरतडला कीं रोग पसरतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर तो निराळा रोग. त्यावर वेळीं उपचार केल्यास गुण येतो. रात्रींचा फिकेपणा या दोहोंहून सहज वेगळा ओळखूं येतो: तो सर्वांना एकदम येतो, सर्वांगाला सारखा येतो, आणि उजेडांत सर्वांचा एकदमच जातो. श्वास संथ, कल्ल्यांची हालचाल नेमकी, पर अखंड, अशा फिक्या माशाला नमस्कार करून दिवा मालवावा.

हें सर्व आम्हीं पुतणीला एका रविवारीं बसून सांगितलें. झिलमिळीचा दाखला तिला विशेष आवडला. आजोळच्या वाड्यांत ती अजून एका खिडकीला आहे. सांगून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग तिनें हिशेब केल्यासारखें विचारलें, "म्हणजे मी ओरडलें नसतें तर सात मासे वांचले असते?" आम्हीं म्हटलें, "नाहीं बाळ, ओरडलीस तें बरोबरच केलेंस. मासे फिके दिसले, तूं मोठ्यांना हाक मारलीस. न पाहतां-विचारतां बादली उचलली ती आम्हीं." हें बंधूंच्या समक्ष बोललों. त्यांनींहि मान हालविली आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलें.

दिवाळीनंतर सात नवे मासे आणले. पूर्वींचे पांच आणि हे सात आतां एकाच थव्यांत हिंडतात. कोणते जुने व कोणते नवे हें मातोश्रींखेरीज कोणास ओळखतां येत नाहीं, आणि त्यांनाहि खरोखर येतें कीं नाहीं याविषयीं आम्हांस संशय आहे. पेटीच्या कांचेवर पुतणीनें स्वहस्तें लिहिलेली एक चिठी डकविली आहे: "मासे निजले आहेत. रंग सकाळीं येईल. दादाकाकांनीं पाणी बदलूं नये."